भिंगरीच्या गव्हाणीतला ओला घास

सासूला आमच्याकडं आत्याबाई म्हणायची रीत. तर आमच्या आत्याबाई, म्हणजे वानवडीच्या बायडाबाई, सगळ्या आळीला धाकात ठेवून होत्या. दूधवाल्यानं पाणी घातलं तर त्याच्याच कॅनमधलं दूध त्याला उभ्यानं प्यायला लावायच्या. पालिकेचा माणूस दारात आला की म्हणायच्या, "चपला भाईर काढा, आन् अक्कल बरोबर आणली असंल तर आत या." अशी बाई रोज सकाळी थरथर कापते हे मला लग्न होऊन आल्यावर कळलं, आणि खोटं कशाला बोलू, मला हसूच आलं. मी फुरसुंगीची. आमच्याकडं बायका सापाला भितात, पाटलाला भितात. टापांच्या आवाजाला भिणारी बाई मी पहिल्यांदाच पाहत होते.

आमचा मळा रेसकोर्सच्या मागच्या अंगाला. विहिरीच्या पाण्यावर लसूणघास केलेला, आणि तो सगळाच्या सगळा पागांमध्ये जायचा. पावसाळा लागला की मुंबईचे घोडे पुण्याला येत, दिवाळीपर्यंत राहत आणि तेवढ्यात आमची कंबर मोडत. घास आदल्या दिवशी कापायचा, पडवीत पसरून सुकवायचा आणि सकाळी पाट्यांतून पागेत न्यायचा. ओला घास घोड्याला घालायचा नाही, हा आत्याबाईंचा कायदा. ओल्या घासानं पोटात वारा धरतो, जनावर लोळतं, वेळेला मरतंसुद्धा. एकदा घाईत मी दवानं भिजलेली पेंडी पाटीत टाकली, तर त्यांनी पाटी माझ्याच डोक्यावर उपडी केली. "तूच खा. तुझं पोट फुगलं तर लोक पेढं मागतील. घोड्याचं फुगलं तर घोड्याची किंमत मागतील."

पागेतून परतायची वाट मैदानाच्या कडेनं होती. तिथं त्या वेळी घोड्यांची सकाळची दौड चाललेली असे, आणि त्यात आमचे हे एखाद्या घोड्यावर बसलेले असत. टापा जवळ यायला लागल्या की आत्याबाई जागच्या जागी थांबायच्या, मैदानाकडं पाठ करायच्या, माझं मनगट धरायच्या आणि माझ्या तोंडाकडं टक लावून बघत राहायच्या. नव्या नवरीला हे किती अवघड, तुम्हीच सांगा. शेवटी एकदा मी विचारलंच, "आत्याबाई, माझ्या तोंडावर काय लागलंय?"

"काय न्हाई. तिकडं काय झालं तर ते आधी तुझ्या तोंडावर दिसंल. तिकडं बघायची माझी छाती न्हाई."

मग माझं हसू गेलं. तसं ते जायलाच हवं होतं, कारण मागची हकिगत मला लग्नाआधी कुणी सांगितलीच नव्हती. माझे सासरे सर्जेराव ह्याच पागेत राबले. घोडे फिरवायचे, दौडीला बसायचे. उड्या शिकवायला म्हणून आणलेल्या एका घोड्याचा पाय कुंपणात अडकला आणि तो उलटा होऊन त्यांच्याच अंगावर आला. आत्याबाई मळ्यात घास कापत होत्या. निरोप आला तशा हातातला विळा न टाकता पळत गेल्या. सासरे गवतात पडलेले, आणि तो घोडा त्यांच्या शेजारी उभा राहून चरत होता. आत्याबाई मला हे सांगायच्या तेव्हा मरणाचं फारसं बोलायच्या नाहीत, त्या चरण्याचंच बोलायच्या. "भूक लागली होती गं मेल्याला," म्हणायच्या.

तरी त्यांनी पागेत घास घालणं सोडलं नाही, कारण दुसरं करायचं काय? आणि पोरगं बापाच्याच वाटेनं गेलं. मामाकडं धाडलं, पळून आलं. कोंडून घातलं, कौलं काढून बाहेर पडलं. देवीला उपास केले, तर पोरगं जॉकीचं लायसन घेऊन घरी आलं. आता वय झालंय, नाव घ्यायला मला कुणाची भीती नाही. बजरंग त्यांचं नाव. हाडापेरानं बारीक, बोलायला कमी, आणि घोड्यावर बसले की वेगळाच माणूस. मी त्यांना खाली चालताना पाहून लग्नाला हो म्हटलं आणि वर बसलेलं पाहून प्रेमात पडले.

पानशेतच्या पुरानंतर तीनएक वर्षांनी नवख्या घोड्यांची उड्यांची मोठी शर्यत ठरली. शर्यतीत कधीच उडी न मारलेले घोडेच तिच्यात पळायचे. मैदानात ठिकठिकाणी कमरेएवढी झुडपांची कुंपणं घातलेली, आणि दिवस गणपती उठल्यावरच्या रविवारचा. नावाजलेल्या जॉकींना आपली हाडं प्यारी, त्यामुळं आमच्या ह्यांच्यासारख्यांचा नंबर लागला. ट्रेनरसाहेबांनी त्यांना घोडी दिली भिंगरी. हे घरात आले ते उंबरा ओलांडायच्या आधीच सांगत आले. आत्याबाई चुलीशी होत्या. त्यांनी मागं वळूनही पाहिलं नाही, पण तव्यावरची भाकरी करपून काळी झाली तरी ती त्यांनी उलटली नाही.

दुसऱ्या दिवसापासून त्यांनी त्या शर्यतीतला एकेक घोडा पारखायला घेतला. कोण जिंकणार हे बघायला अख्खं पुणं होतं. कॅम्पातल्या इराण्याच्या हॉटेलपासून शनिवार पेठेतल्या न्हाव्यापर्यंत ज्याला त्याला ते ठाऊक होतं. आत्याबाईंना फक्त कोण पडणार आणि कुणाला पाडणार एवढंच बघायचं होतं.

कागदावर त्या घोड्यांची लांबलचक इंग्रजी नावं. पागेत ती कुणाच्या जिभेवर बसत नसत. घोडा खातो कसा त्यावरून आत्याबाईंनी आपली नावं ठेवलेली, आणि घोडे सांभाळणारे सईससुद्धा तीच वापरत. पाटी डोक्यावर घेऊन मी मागं, त्या पुढं. पहिल्या खणात जावईबापू. हा घासाची कोवळी पानं तेवढी खायचा आणि देठ पायाखाली तुडवायचा. "ह्याला कष्ट नकोत. कुंपण दिसलं की जागेवर थांबंल, आन् वरचा माणूस एकटाच पलीकडं जाईल." शेजारी फौजदार. आपल्या गव्हाणीत भरपूर असताना दुसऱ्याच्यात तोंड घालणारा. त्याच्यापुढं आत्याबाई कितीतरी वेळ उभ्या राहिल्या. "ह्यो सोता पडायचा न्हाई. ह्यो आडवा जाऊन दुसऱ्याला पाडायचा. ह्याच्या डाव्या अंगाला आपला बजरंग असता कामा नये." सोनार एकेक काडी हुंगून, तोलून खायचा. त्याला त्यांनी बिनधोक ठरवलं, कारण तो मागं राहणार आणि मागच्याची भीती नाही. दोन घोडे आठवड्याभरापूर्वीच आलेले. त्यांचं खाणं अजून कळलं नव्हतं, आणि आत्याबाईंना त्या दोघांचीच जास्त धास्ती. परत येताना दोनदा म्हणाल्या, "त्या दोघांचं कायच समजंना गं."

गोपाळ मात्र त्यांचा लाडका. मोठा तांबडा घोडा, डोळे अर्धे मिटून निवांत चघळत उभा राहायचा. शेजारी बादली पडली तरी कान हलवायचा नाही. "तान्हं पोर बसवावं ह्याच्यावर," त्या म्हणायच्या. "ह्यो बजरंगाला मिळाला असता तर मी नारळाचं तोरण बांधलं असतं."

आणि शेवटच्या खणात भिंगरी. एक तोंडभर घास ओढायची, खणात गर्रकन फिरायची, पुन्हा येऊन ओढायची. डोळ्याचं पांढरं सारखं दिसायचं. आत्याबाईंनी मुद्दाम विळा दाराच्या कडीवर वाजवला, तर ती अशी उसळली की मागची भिंत हादरली. तिचा सईस मैनुद्दीनचाचा धावत आला. म्हातारा माणूस, सासऱ्यांचा जोडीदार, आत्याबाईंना बहीण मानणारा. "अहो बायडाबाई, माझ्या पोरीला भेवडवू नका," म्हणाला. आत्याबाईंचं लक्षच नव्हतं. "असंच होतं तेबी," एवढंच म्हणाल्या. कुठलं ते, हे मला विचारावं लागलं नाही.

त्या दिवशी जेवताना मायलेकांची जुंपली. "घोडी बदलून माग," आत्याबाई म्हणाल्या. "गोपाळ माग."

हे हसले. "आये, उडी पायानं मारत्यात, दातानं न्हाई. तू त्यांची तोंडं बघतीस. गोपाळ निवांत हाय, म्हणूनच त्याला पाय उचलायचा कंटाळा. भिंगरी भित्री हाय, म्हणून कुंपणापासनं वीतभर जास्तच उडती. माझ्या मांडीखाली कळतं मला."

"तुझ्या बापालाबी मांडीखाली कळत होतं."

ह्यांनी ताटात हात धुतला आणि उठून गेले. मी भांडी घासताना पाहिलं, आत्याबाई रिकाम्या ताटापुढं तशाच बसलेल्या, आणि हाताची बोटं भाकरीचा तुकडा मोडावा तशी नुसतीच हलत होती. खरं सांगते, त्या दिवसापासून मलाही भीती लागली. ती घरात आल्यावर कुणालाच सोडत नाही. मी ह्यांची पाठ चोळून देताना मणके मोजल्यासारखी हात फिरवायला लागले. हे म्हणाले, "काय गं, विकायला काढतीस का मला?"

रविवार उजाडला. शर्यतीच्या दिवशी घोड्याला चारा बंद असतो. पहाटे थोडी चंदी, म्हणजे दाणा, द्यायची आणि मग तोंडाला जाळीची मुसकी बांधायची, म्हणजे खालचा पेंढाही त्यानं चघळू नये. त्यामुळं आम्हाला त्या घोड्यांपुरतं काम नव्हतं. तरी मी उठले तेव्हा आत्याबाई घरात नव्हत्या. परतल्या त्या अंघोळ करून, धुतलेलं लुगडं नेसून देवळात गेल्या, आणि चेहरा असा शांत की मला बरं वाटलं. म्हटलं, देवीनं ऐकलं बाई एकदाचं.

दुपारी आम्ही पागेच्या फाटकाजवळच्या कुंपणाशी उभ्या राहिलो. आमच्यासारख्यांची जागा तीच, सईसांच्या बायका, गवतवाल्या, पोरंबाळं. पलीकडं स्टँडात टोप्या, छत्र्या, अत्तरं. आदल्या रात्रीच्या सरीनं गवत ओलं होतं. आत्याबाईंनी आज मैदानाकडं पाठ केली नव्हती. त्या फाटकाकडं बघत होत्या.

"भिंगरी येणार न्हाई बघ," माझ्या कानाशी म्हणाल्या.

"का?"

"न्हाई येणार."

जावईबापू आला. फौजदार आला. ते दोन अनोळखी आले, सोनार आला, गोपाळ डुलत डुलत आला. आणि सगळ्यांच्या मागून, मैनुद्दीनचाचाच्या हाताला हिसके देत, चकचकीत खरारा केलेली भिंगरी आली.

आत्याबाईंनी माझ्या दंडाला धरलं ते त्यांची नखं रुतली. मग भडाभडा सगळं बाहेर आलं. पहाटे मळ्याच्या पाणथळ कोपऱ्यातला ओला घास पाटीभर कापून त्या पागेत गेल्या होत्या. मैनुद्दीनचाचा पाणी आणायला गेला तेवढ्यात भिंगरीची मुसकी सोडली, सगळा घास चारला, मुसकी परत बांधली. दुपारपर्यंत पोट फुगेल, डॉक्टर घोडीला बाद करील, संध्याकाळी फिरवली की ती बरी होईल, आणि आपलं पोर जमिनीवर राहील. एवढंच त्यांना हवं होतं.

गाईला ओला घास जास्त झाला की घटकाभरात डावी कूस वर येते, गाय धापा टाकते. आत्याबाईंनी आयुष्यभर गाईम्हशी फुगलेल्या पाहिल्या होत्या. फुगलेला घोडा त्यांनी एकदाही पाहिला नव्हता, कारण त्यांच्या घासानं कधी घोडा फुगलाच नव्हता. गाईचं गणित त्यांनी घोडीला लावलं. घोड्याचं पोट सावकाश बिघडतं. घोडी वरून धडधाकट दिसत होती, आणि आत पाटीभर ओला घास घेऊन कुंपणांवर उड्या मारायला निघाली होती. वर आमचे हे.

"पळ," आत्याबाई म्हणाल्या. "विजे, पळ. त्याला सांग."

बाई गं, मी पळाले. पदर कुठं, चप्पल कुठं. पॅडॉकमधून मैदानाकडं जायच्या वाटेला दोर लावलेला होता, तिथं मी गर्दीत कोपरं मारत घुसले. हे भिंगरीवर बसून येतच होते, अंगात पिवळा सदरा. मी दोराखालून हात घालून ओरडले, "अहो!" लोक हसायला लागले. त्या काळात बाईनं चारचौघांत नवऱ्याला अशी हाक मारायची नसे. कुणीतरी म्हणालं, "वहिनी, डबा विसरले का ते?" हे रागानं लाल झाले, पण माझं तोंड पाहिलं आणि रिकीब नीट करायच्या निमित्तानं खाली वाकले. पलीकडच्या बाजूनं मैनुद्दीनचाचा लगाम धरून होता, म्हणून मी अगदी हळू बोलले.

"तिच्या पोटात ओला घास हाय. आत्याबाईंनी चारलाय. पहाटे."

ते माझ्याकडं बघतच राहिले. "किती?"

"पाटीभर."

"चाचाला म्हाईत हाय?"

"न्हाई."

त्यांनी घोडीच्या मानेवर हात ठेवला. मग आमच्या कुंपणाकडं पाहिलं. तिथून आत्याबाई एवढ्याशा दिसत होत्या. "मग कुणालाच म्हाईत न्हाई," हे म्हणाले. "समजलं? जा, तिच्याजवळ उभी ऱ्हा."

"अहो, उतरा ना! लंगडतीय म्हणून सांगा!"

"तपासतील. आधी चाचाची मान जाईल, मग आयेची. घोड्याला कायबाय चारलं म्हणून पोलिसात देत्यात." आणि गेले.

मी परत कशी आले मला आठवत नाही. आत्याबाईंनी माझं मनगट धरलं, मैदानाकडं पाठ केली आणि माझ्या तोंडाकडं बघायला लागल्या. माझ्या आयुष्यातली ती सगळ्यात वाईट घडी. कारण मला बघायलाही हवं होतं आणि तोंड दगडाचं ठेवायलाही हवं होतं. देवा, ह्यांना खाली उतरव, मग मी तुझं काही मागणार नाही, एवढंच मनात चाललेलं.

घोडे सुटले. पहिल्या कुंपणाला जावईबापू जागेवर थांबला आणि त्याचा जॉकी एकटाच पलीकडं गेला, आत्याबाई म्हणाल्या होत्या अगदी तस्सा. म्हटलं, आत्याबाईंचं हे खरं ठरलं, म्हणजे भिंगरीचंही खरं ठरणार. भिंगरी सगळ्यांच्या मागं होती. आमचे हे पाठ मागं टाकून, दोन्ही हातांनी लगाम ओढून बसलेले. घोडी मान फेकत होती, तिला जायचं होतं, आणि हे तिला जाऊ देत नव्हते. कुंपण आलं की तेवढी सैल सोडायचे, ती पाखरासारखी पलीकडं, की पुन्हा ओढायचे.

"कुठं हाय?" आत्याबाई.

"मागं हाय. हळू चाललेत."

"तुझं तोंड असं का झालंय मग?"

"उन्हानं."

ऊन कुठलं, आभाळ भरलेलं होतं. लांबच्या वळणावरच्या कुंपणाला फौजदार आडवा आला, आणि त्याच्या मागं गोपाळ. तो निवांत गोपाळ, तान्हं पोर बसवावं असा. त्यानं पाय उचललेच नाहीत. छातीनं कुंपण घेतलं आणि वरच्या माणसासकट कोलमडला. माझ्या तोंडातून किंकाळी निघाली. आत्याबाई खाली बसल्या, मनगट न सोडता, आणि मीही त्यांच्याबरोबर ओढली गेले. "कोण? कोण पडलं? विजे, बोल की गं!"

"गोपाळ! गोपाळ पडला, हे न्हाईत!"

हे मागं होते म्हणून त्यांना बाजूला वळायला जागा मिळाली. पडलेल्या घोड्याला वळसा घालून भिंगरी कुंपणाच्या टोकावरून उडाली. गोपाळचा जॉकी खांदा धरून उठला. मी त्या चिखलात बसून रडत होते आणि हसत होते.

तेवढ्यात स्टँडातून ओरडा सुरू झाला. मला आधी कळेना. शेवटच्या सरळ पट्ट्यावर सगळे घोडे जीव खाऊन पळत होते, आणि एकटी भिंगरी, श्वासाला काही झालेलं नाही, कान उभे, आणि वरचा माणूस तिला मागं ओढतोय, हे आता सगळ्यांना समोर दिसत होतं. "खेचतोय! खेचतोय साला! चोर!" लोक टोप्या फेकत होते. एक केळ्याची साल ह्यांच्या पाठीवर लागली. हे तसेच आले. शेवटून पहिले.

शर्यतीच्या साहेबांनी त्यांना तिथूनच आत बोलावून नेलं. घोडी का खेचली, असं विचारलं. हे म्हणाले, जड वाटत होती. जड होती तर शेवटपर्यंत कान उभे कसे? ह्यावर हे काही बोलले नाहीत. किती पैसे घेतले, कुणाकडून घेतले, हे विचारलं. त्यावरही बोलले नाहीत. लायसन गेलं. पुण्यात गेलं, मुंबईत गेलं, सगळीकडं गेलं. संध्याकाळी भिंगरीचं पोट दुखायला लागलं. मैनुद्दीनचाचानं तिला अंधार पडेपर्यंत फिरवली. मग तिनं लीद टाकली, हिरवीगार. चाचा ती बघत उभा राहिला, मग दाराशी उभ्या असलेल्या आत्याबाईंकडं त्यानं एकदा पाहिलं, आणि खराटा घेऊन सगळं लोटून टाकलं. त्या माणसानं मरेपर्यंत तोंड उघडलं नाही.

घरी आल्यावर आत्याबाईंनी पायात चप्पल घातली. "मी जाऊन सांगते. माझं कृत्य हाय. मला नेऊ दे कुठं न्यायचं तिथं."

हे दारात आडवे उभे राहिले. लग्न झाल्यापासून मी त्यांना रडताना पाहिलं ते तेवढंच. "आये, मला चोर म्हणत्यात, म्हणू दे. तुला म्हणाले तर मला जगता यायचं न्हाई. आन् आता सांगून तरी काय? जॉकीच्या आईनं घोडीला चारलं म्हटलं तर ते काय मला कडेवर घेतील? बस खाली."

त्या खाली बसल्या.

मग काय, आळीनं सोडलं नाही. नळावर बायका म्हणायच्या, रेस विकली म्हणे, आता माडी बांधतील. माडी कसली, हे हडपसरच्या बाजूला एका कारखान्यात रखवालदार म्हणून लागले. ज्या आत्याबाई दूधवाल्याला सोडत नसत, त्या नळावर खाली मान घालून हंडा भरायच्या आणि एक अक्षर बोलायच्या नाहीत. मीच त्यांच्या वतीनं भांडायचे. पुढच्या हंगामात मुरलेल्या घोड्यांची उड्यांची शर्यत भिंगरीनं दुसऱ्या कुणाच्या मांडीखाली जिंकली, आणि नुसती जिंकली नाही, बाकीचे घोडे दिसेनासे केले. त्या दिवशी हे कामावरून आले, पाय धुतले, आणि मला मागच्या दारी म्हणाले, "मोकळी सोडली असती ना विजे, तर त्या दिवशीबी कुणाला सापडली नसती. घासासकट." एकदाच म्हणाले. पुन्हा घोड्याचं नाव काढलं नाही. पण पावसाळ्यात सकाळी टापा ऐकू आल्या की त्यांचे गुडघे आपोआप जवळ येत, बसल्याजागी. आत्याबाईंना ते दिसायचं. टापांना भिऊन आता त्या माझं मनगट धरत नव्हत्या. मैदानात आपलं कुणी नव्हतंच.

पुढं मळा गेला, तिथं सोसायटी उभी राहिली, तिला नाव दिलं 'हरित कुंज'. हिरवं म्हणून एक काडी ठेवली नाही, नाव तेवढं ठेवलं. आत्याबाई थकल्या. शेवटच्या पावसाळ्यात त्या अंथरुणालाच खिळल्या होत्या. एकदा हे त्यांना पेज भरवत होते, आणि त्यांनी ह्यांचा हात धरला.

"बजरंगा, खरं सांग. मी त्या दिशी घास घातला नसता, तर काय झालं असतं?"

एवढ्या वर्षांत त्यांनी हे कधी विचारलं नव्हतं. ह्यांनी चमचा वाटीत ठेवला. "काय व्हायचं? मी फौजदाराच्या डाव्या अंगाला असतो, तू म्हणाली होतीस तसा. गोपाळ पडला तिथं मी पडलो असतो, बापासारखा. तुझ्या घासानं वाचलो, आये."

अगदी सरळ आवाजात बोलले. मी भिंतीशी उभी होते. आत्याबाईंनी त्यांच्याकडं पाहिलं नाही. त्यांनी मान वळवली आणि माझ्या तोंडाकडं पाहिलं, पूर्वी मैदानाच्या कडेला बघायच्या तशा, टक लावून. मी तोंड दगडाचं केलं. दात आवळले, डोळ्यांत पाणी येऊ दिलं नाही, थुंकीही गिळली नाही.

त्या किती वेळ बघत होत्या कोण जाणे. मग त्यांनी माझ्याकडं हात केला, मी जवळ गेले, आणि त्यांनी माझं मनगट धरलं.

"इतकी वर्षं झाली विजे," म्हणाल्या, "तुझं तोंड काय अजून लपवायला शिकलं न्हाई."

मग ह्यांच्याकडं वळल्या, आणि भरवायला तोंड उघडलं.